विस्मृतिग्रस्त वडीलधाऱ्यांसाठी योग्य निवासाची निवड
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात तारापूर येथे केलेले भाषण)



आपल्या संमेलनात विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या, विवाहातील अनाठायी खर्च, तरुणांचे उद्योगधंदे या विषयांवर दरवर्षी पुष्कळ विचार होतो, आणि तो व्हावयासच हवा. आज मी जो विषय आपणांपुढे ठेवणार आहे, तो मात्र या व्यासपीठावर सहसा निघत नाही. किंबहुना तो आपण माजघराच्या बाहेर येऊच देत नाही. वार्धक्यात ज्यांची स्मृती हरपत चालली आहे, अशा आपल्या आईवडिलांचा सांभाळ कसा करावा, आणि तो घरी होणे अशक्य झाले तर त्यांच्यासाठी योग्य निवासस्थान कसे निवडावे, हा तो विषय होय.

माझे शिक्षण शालान्त परीक्षेपर्यंतचे. मी वैद्य नव्हे, वकीलही नव्हे. सारा जन्म खडू-फळ्यापाशी गेला. परंतु या आजाराविषयी जे वाचले, जाणत्या डॉक्टरांकडून जे ऐकले आणि आपल्याच घराघरांतून जे पाहिले, ते सरळ भाषेत सांगण्याचा यत्न करतो.

प्रथम आजाराची ओळख करून घेऊ. आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ असे म्हणण्याची रीत आहे. कोणी ‘म्हातारचळ’ म्हणतो, कोणी बाहेरची बाधा म्हणून अंगारा आणतो. हा वार्धक्याचा स्वभावधर्म नव्हे, आणि बाधा तर नव्हेच नव्हे. हा मेंदूचा आजार आहे. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे वेगळे, आणि चष्मा हातात धरून तो कशासाठी असतो हे न कळणे वेगळे. अलॉईस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी 1901 साली फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात दाखल झालेल्या एका 51 वर्षांच्या स्त्रीचे सूक्ष्म निरीक्षण केले. तिला स्वतःचे नावही धडपणे लिहिता येईना. 1906 साली ती वारल्यावर त्यांनी तिचा मेंदू तपासला आणि त्यात झालेले बदल वैद्यांच्या सभेपुढे मांडले. त्यांच्याच नावाने हा आजार पुढे ओळखला जाऊ लागला. स्मृतिभ्रंशाचे इतरही प्रकार आहेत. मेंदूचा रक्तपुरवठा खंडित होऊन होणारा प्रकार त्यांपैकी एक आहे, आणि रक्तदाब व मधुमेह यांकडे दुर्लक्ष करणाऱ्यांना त्याचे भय अधिक.

हा आजार किती जणांना असेल? 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार आपल्या देशात साठ वर्षांवरील शंभर माणसांपैकी सुमारे सात जणांना, म्हणजे एकंदर 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळले. ‘हे मुंबईचे, शिकलेल्यांचे दुखणे, आपल्याकडे नाही’ असे समजणाऱ्यांनी हा आकडा ध्यानी घ्यावा. या मंडपात साठीच्या पुढचे शंभर जण सहज असतील.

म्हणून पहिले कर्तव्य हे की, विस्मृतीची शंका येताच मेंदूच्या वा मनाच्या आजारांच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे जावे. थायरॉइडची कमतरता, ब-12 जीवनसत्त्वाचा अभाव, मनाची खिन्नता, किंवा काही औषधांचा परिणाम यांमुळेही विस्मृती होते, आणि ती उपचाराने बरी होऊ शकते. अल्झायमरचा आजार मात्र अद्याप पूर्ण बरा होत नाही. औषधांनी काही काळ थोडा उतार पडतो, इतकेच. रुग्ण त्यानंतर अनेक वर्षे जगू शकतो. ती वर्षे कशी जावीत, हे बहुतांशी सांभाळावर अवलंबून आहे.

आता आपल्या या किनाऱ्याकडे पाहू. तारापूर, चिंचणी, घिवली, दांडी या गावांतील जुनी घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ओटी, पडवी, मागील अंगण आणि विहीर आठवत असेल. घरात दहा-पंधरा माणसे असत. एखाद्या आजोबांना भ्रम झाला, तर ते ओटीवर बसून राहत, येणाराजाणारा त्यांच्याशी दोन शब्द बोले, आणि ते वाट चुकले तर तिसऱ्या आळीतले पोर त्यांना हात धरून घरी आणी. त्या वेळी सांभाळ कोणा एकट्यादुकट्याच्या अंगावर नव्हता. 1969 साली येथे अणुवीज केंद्र सुरू झाले, बोईसरला कारखान्यांची वसाहत उभी राहिली, 2013 साली डहाणूपर्यंत लोकल आली. या सर्वांनी आपल्या मुलाबाळांना अन्न दिले, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. परंतु आता मुलगा पाळीवर, सून शाळेत वा कचेरीत, नातवंडे विरार-मुंबईकडे, आणि घरात म्हातारी एकटी, अशी स्थिती झाली आहे. दाराला कडी घालून जावे तर ती कोंडली जाते. न घालावी तर समोर खाडी आहे, समुद्र आहे, भरधाव मालमोटारींचा रस्ता आहे. गॅसची शेगडी पेटती राहण्याची धास्ती निराळीच.

आणि जिच्यावर हा भार पडतो, त्या व्यक्तीचे नाव आपण घेत नाही. ती बहुधा सून असते, कोठे अविवाहित मुलगी असते, कोठे स्वतःच सत्तरी गाठलेली पत्नी असते. रुग्ण रात्री झोपत नाही. तो तोच प्रश्न पन्नास वेळा विचारतो. ‘मला जेवायला देत नाहीत’ असे शेजाऱ्यांना सांगतो. जिने वाढले तिच्यावरच पैसे चोरल्याचा आळ घेतो. तो हे बुद्ध्या करीत नाही, ते आजार करवितो. परंतु ऐकणारीही माणूसच आहे. दोन-तीन वर्षे अखंड झोप न मिळालेल्या अशा सुना मी पाहिल्या आहेत. सासूच्या आधी त्याच अंथरुणाला खिळतील, अशी त्यांची अवस्था होती. ‘आईला आम्ही घरीच ठेवले’ असे अभिमानाने सांगणाऱ्या पुत्रांनी, ठेवले कोणी आणि उचलले कोणी, याचा मनाशी विचार करावा.

घरी सांभाळ होत असेल, तर तो उत्तमच. परंतु रुग्ण वारंवार घराबाहेर भटकू लागला, अंगावर धावून येऊ लागला, रात्रीचा दिवस झाला, मलमूत्राचे भान सुटले, पडून इजा होऊ लागली, किंवा सांभाळणाऱ्याचीच प्रकृती ढासळली, तर दुसऱ्या व्यवस्थेचा विचार करण्याची वेळ आली, असे निःशंकपणे समजावे. या वेळी मनात पहिला प्रश्न उठतो, ‘ज्ञातीतले लोक काय म्हणतील?’ त्याचे उत्तर मी आज ज्ञातीच्याच व्यासपीठावरून देऊ इच्छितो. ठेवणे आणि टाकणे यांत महदंतर आहे. वडीलधाऱ्यांना टाकून देणे हा 2007 च्या ज्येष्ठ नागरिकविषयक कायद्याने गुन्हाच आहे. त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, वा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. पण नीट पाहून निवडलेल्या ठिकाणी ठेवणे, खर्च उचलणे, दर आठवड्याला जाऊन पाहणे, हा सांभाळच आहे. उलट घरातल्या मागच्या खोलीत बाहेरून कडी लावून ठेवणे, हे घरी राहूनही टाकणेच आहे.

परक्याच्या हातून खरी सेवा होईल काय, ही शंकाही रास्त आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या मराठी चित्रपटात तिचे उत्तर आहे. स्मृती हरपलेले एक संस्कृत पंडित हत्तीच्या मागोमाग चालत जातात आणि माहुताच्या कुटुंबात जाऊन पडतात. ती गरीब माहुतीण त्यांची भाषा जाणत नाही, विद्वत्ता तर त्याहून नाही. पण ती त्यांना लेकरासारखे सांभाळते. मोहन आगाशे यांनी पंडितांची आणि अमृता सुभाष यांनी माहुतिणीची भूमिका केली आहे. अमृताबाईंना त्याबद्दल राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. रुग्णाला आपण कोण हे आठवत नाही, तरी समोरचा हात प्रेमाचा आहे की रागाचा, हे त्याला शेवटपर्यंत कळते, हे त्यातून दिसते. असा हात कोठे आहे, हेच निवड करताना शोधावयाचे असते.

आता संस्थांचे प्रकार पाहू, कारण येथे मोठा घोटाळा होतो. सर्वसाधारण वृद्धाश्रमात बहुधा आपले आपण करणाऱ्या, हिंडत्याफिरत्या वृद्धांची सोय असते. तेथे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णास घेत नाहीत, किंवा आजार लपवून ठेवले तर काही दिवसांत परत पाठवितात. ठाण्याचे मनोरुग्णालय 1901 सालापासून आहे. तेही रुग्णालय आहे, आयुष्याची संध्याकाळ घालविण्याचे घर नव्हे. तिसरा प्रकार खास स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी चालविलेल्या निवासांचा, आणि चौथा सकाळी नेऊन सायंकाळी परत आणावयाच्या दिवसकेंद्रांचा. आपल्या देशात या कार्यास संघटित रूप 1992 साली केरळात आले. तेथे डॉ. जेकब रॉय यांनी अल्झायमरच्या रुग्णांसाठी राष्ट्रीय पातळीवरील संस्था स्थापन केली. मुंबईची डिग्निटी फाउंडेशन ही संस्था 1995 सालापासून वृद्धांसाठी कार्य करीत आली असून स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी तिने दिवसकेंद्रे चालविली आहेत. नेरळ येथे तिची ज्येष्ठांची वसाहत उभी राहिली. आपल्याच पालघर जिल्ह्यात, नालासोपाऱ्याजवळ राजोडी येथे, सिल्व्हर इनिंग्ज या संस्थेने असा निवास उभारला. पुण्यात आणि बंगळुरात असे निवास आणखीही आहेत. हॉलंडात वेस्प या गावी तर 2009 साली रुग्णांसाठी एक अख्खे छोटे गावच वसविले. सहा-सात जणांचे एक घर, मध्ये चौक, दुकान, बाग. रुग्ण मोकळेपणी हिंडतात, आणि वेश मात्र सुरक्षित असते. ते वैभव आपल्या आटोक्यातले नसले, तरी त्यामागची दृष्टी घेण्यास पैसा लागत नाही. रुग्णाला कोंडू नये, त्याला सुरक्षितपणे हिंडू द्यावे, ही ती दृष्टी.

निवडीचा आरंभ जाहिरातीपासून करू नये, आपल्या माणसापासून करावा. एक कागद घ्यावा आणि त्यावर आईची ओळख लिहावी. तिला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते. तिची बोली कोणती. सकाळी चहा आधी की देवपूजा आधी. तांदळाची भाकरी आणि मासळीचे कालवण यांवर वाढलेल्या जिभेला रोज वरणपोळी दिली, तर ती जेवेल काय? सोमवारी ती काय खात नाही. तिला कशाचे भय वाटते, कोणते गाणे ऐकले की शांत होते. हा कागद घेऊन संस्थेत जावे. संस्थेच्या माणसांनी तो लक्ष देऊन वाचला आणि उलट चार प्रश्न विचारले, तर ती संस्था माणूस पाहते, असे समजावे. न वाचता फायलीत टाकला आणि पैशाचा तक्ता पुढे केला, तर काय समजावयाचे, ते सांगावयास नको.

दुसरी गोष्ट अंतराची. जेथे दर आठवड्याला जाणे होईल, तेच ठिकाण घ्यावे. बोईसरहून लोकलने थेट गाठता येईल असे साधे ठिकाण, दादरला गाडी बदलून अर्धा दिवस प्रवास करावा लागेल अशा देखण्या ठिकाणापेक्षा पुष्कळदा बरे. भेटावयास येणाऱ्या माणसांची जाग असली की रुग्णाकडे अधिक लक्ष पुरविले जाते, हा सर्वत्रचा अनुभव आहे.

तिसरी गोष्ट, प्रत्यक्ष पाहणी. निदान दोनदा जावे. एकदा सांगून, एकदा न सांगता, आणि तेही सायंकाळी. कारण दिवस मावळू लागला की या रुग्णांची बेचैनी वाढते, आणि संस्थेची परीक्षा त्याच वेळी होते. नाकाला काय वास येतो ते पाहावे. रुग्ण सारे एका भिंतीशी पेंगत बसले आहेत की कोणी भाजी निवडतो आहे, कोणी झाडांना पाणी घालतो आहे, हे पाहावे. कोणाचे हात बांधलेले तर नाहीत? 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णास साखळदंडाने जखडणे पूर्णपणे मना केले आहे. जेवण भरविणारी बाई घास घालून पुढे जाते की गिळेपर्यंत थांबते, हे तर अवश्य पाहावे. न्हाणीघरात धरावयास दांडा आहे काय, फरशी निसरडी आहे काय, हिंडावयास अंगण आहे काय, फाटक बंद राहते काय, हे तपासावे.

चौथे, प्रश्न विचारण्यास संकोच करू नये. रात्री किती रुग्णांमागे किती माणसे जागी असतात? मदतनीसांना या आजाराचे शिक्षण दिले आहे काय, आणि त्या वर्षानुवर्षे टिकतात की दर महिन्याला बदलतात? डॉक्टर कधी येतात, आणि मध्यरात्री प्रकृती बिघडल्यास कोणत्या रुग्णालयात नेतात? झोपेची औषधे कोणाच्या सल्ल्याने देतात? आजार वाढून रुग्ण अंथरुणाला खिळला, तर शेवटपर्यंत ठेवतील की परत पाठवितील? 2017 च्या कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृतीचा गंभीर बिघाडही येतो. म्हणून अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या संस्थेने राज्याच्या प्राधिकरणाकडे नोंदणी केली आहे काय, हे विचारून कागद पाहावा. आणि ‘भेटीस येऊ नका, रुग्ण बिघडतो’ असे जी संस्था कायमचे सांगते, तिचा उंबरठा पुन्हा चढू नये.

पाचवे, पैसा. अनामत किती, ती परत मिळते काय, मासिक रकमेत औषधे, डायपर आणि रुग्णालयात सोबतीला जाणारा माणूस धरला आहे काय, हे सारे लेखी घ्यावे. आणि त्याआधी घरात एक बैठक घ्यावी. भावाभावांनी कोण किती देणार, कोण कोणत्या आठवड्याला जाणार, हे कागदावर लिहावे. बहिणींना या बैठकीस बोलवावे. आईची नाडी त्यांनाच अधिक कळते.

येथे एक कठोर गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आजार झालेल्या माणसाकडून जमिनीच्या वा घराच्या कागदावर अंगठा उमटवून घेण्याचे प्रकार होतात. ज्याला आपण कोठे आहोत हे कळत नाही, त्याची सही घेणे ही चोरीच होय. मृत्युपत्र करावयाचे असेल, तर आजाराच्या आरंभी, समज शाबूत असताना, डॉक्टरांच्या दाखल्यासह करावे. दिलेले मुखत्यारपत्रही देणाऱ्याची समज गेल्यावर कायद्याने चालत नाही, हे पुष्कळांस ठाऊक नसते. अशा वेळी न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो.

जागा ठरली, तरी काम संपत नाही. नेताना घरातली गोधडी, देवाची तसबीर, रोजचा तांब्या बरोबर द्यावा. पहिले काही आठवडे ती म्हणेल, ‘मला घरी ने.’ ते ऐकून पाय अडतो. परंतु हे ध्यानात ठेवावे की, हेच वाक्य ती आपल्या घरात, आपल्या खाटेवर बसूनही म्हणत होती. अणुवीज केंद्राच्या नव्या संचांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. तिकडच्या एखाद्या आजीने घरी नेण्याचा हट्ट धरला, तर तिला कोणत्या घरी न्यावे? ज्या घरी तिचे आईवडील होते, शेज होती, माया होती, तेथे तिला जावयाचे असते. तिच्याशी वाद घालू नये. हात हातात घ्यावा आणि ‘तुझ्या घरी आंबा होता ना गं, आये?’ असे विचारावे. ती बोलू लागते. तिने आपल्याला ओळखले नाही, भाऊ समजली वा कोणी परका समजली, तरी वाईट वाटून घेऊ नये. आपण तिला ओळखतो, एवढे पुरे आहे.

शेवटी ज्ञातिसंघास तीन विनंत्या करतो. पहिली, आपले सभागृह आठवड्यातून निदान दोन दिवस सकाळी रिकामे असते. तेथे अशा रुग्णांना चार तास बसण्याची सोय करावी आणि घरच्या बाईस तेवढे चार तास विसावा द्यावा. दुसरी, ज्या कुटुंबास निवासाचा खर्च झेपत नाही, त्यांना शिष्यवृत्तीप्रमाणेच निधीतून साहाय्य करावे, आणि नाव प्रसिद्ध करू नये. तिसरी, जे ज्ञातिबांधव अशा निवासांत आहेत, त्यांना आळीपाळीने भेटणारे एक छोटे मंडळ नेमावे. सरकारनेही ज्येष्ठांसाठी 14567 हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक ठेवला आहे. तो प्रत्येक घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा.

बंधुभगिनींनो, ज्यांनी आपल्याला चालावयास शिकविले ते आज वाट चुकत आहेत. त्यांना घरी सांभाळा, किंवा नीट पारखून चांगल्या ठिकाणी ठेवा. दोन्ही मार्ग सन्मानाचे आहेत, फक्त दर आठवड्याची भेट चुकवू नका. आणि शेजारच्या घराने दुसरा मार्ग पत्करला, तर त्यांना नावे ठेवण्याऐवजी पुढच्या भेटीस त्यांच्याबरोबर जा.